विहारातली झाडं आणि विरघळणारी पन्नी

माझी मावशी सत्यशीला कापूस वेचायची तेव्हा तिच्या ओटीत वाळक्या पानाचा चुरा सापडायचा नाही. बाकीच्या बाया भराभर पुढे निघून जायच्या आणि ती आपल्या तासात, म्हणजे ओळीत, मागे एकटी राहायची. वजनात मार खायची, पण पत्ती लागलेला कापूस तिच्याने ओटीत टाकवत नसे. मारेगावपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात शेतकरी तिला यासाठीच बोलवायचे आणि यासाठीच चिडवायचेही. बोंडअळीच्या वर्षानंतर मात्र ती कपाशीच्या वावरात गेली नाही.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. माझे मावसाजी, गोविंदा, दुसऱ्यांच्या वावरात फवारणीला जायचे. पंपाचा तुषार अंगावर, तोंडावर पडायचा. एके दिवशी ते घरी आले ते भिंत धरत. उलट्या सुरू झाल्या, हात थरथरू लागले, आणि समोर कोण उभं आहे ते त्यांना ओळखू येईना. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. मी तिथल्याच एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस आहे, त्यामुळे डबा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मावसाजी वाचले. नजर मात्र अधू झाली. माणसाचा आकार दिसायचा, चेहरा दिसायचा नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मावशी मला म्हणाली, "मोने, मले आता थ्या औषधाचा वास सहन नाई होत. कोणाच्या कपड्याले आला तरी उठून जातो."

"मग काय करशील?"

"पाह्यतो. हात हायेत अजून."

गावच्या रस्त्याला लागून विठ्ठलरावांचं वावर होतं. विठ्ठलराव म्हणजे बोलायला मऊ, स्वभावाने घाबरट माणूस. अळीने त्यांचीही कपाशी खाल्ली होती. त्यांनी रस्त्याकडचा तुकडा मोकळा केला, हिरवी जाळी बांधली आणि रोपांची नर्सरी सुरू केली. तेव्हा झाडं लावायची मोठी लाट आली होती. शाळा, ग्रामपंचायती, संस्था, सगळ्यांना रोपं पाहिजे होती. विठ्ठलरावांना पन्न्या भरायला बाया हव्या होत्या. आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी म्हणतात. मावशी तिथे लागली.

काम तिला आवडलं. काळी माती, रेती आणि शेणखत चाळून एकत्र करायचं, पन्नीत ठोकून भरायचं, मधे बोटाने खड्डा करून बी टाकायचं. कापसासारखंच हेही हळू आणि नीट करायचं काम होतं. फरक इतकाच की इथे मागे राहिली म्हणून तिला कोणी हसत नव्हतं.

रोप लावताना पन्नी काढणं ही एक कला असते. रोप हातावर आडवं घ्यायचं, ब्लेडने पन्नी उभी चिरायची आणि मातीचा गड्डा न फुटू देता खड्ड्यात ठेवायचा. घाईत लावणाऱ्या मजुरांकडून गड्डा फुटतो, मुळं उघडी पडतात आणि आठवड्यात रोप मान टाकतं. मग गिऱ्हाईक येऊन विठ्ठलरावांशी भांडायचं, की रोपच कच्चं होतं.

अशात राज्यात प्लास्टिकबंदी आली. किराणावाल्यांनी पन्न्या लपवल्या, भाजीवाले कागदात मिरच्या बांधू लागले. विठ्ठलरावांना वाटलं, आता आपली नर्सरी बंद पडते. त्याच महिन्यात नागपूरकडचा एक विक्रेता गाडीवर नमुने घेऊन आला. फिकट हिरव्या रंगाची पन्नी, त्यावर पानाचं चित्र. त्याच्याकडे एक जुनी पन्नीही होती. घराच्या गच्चीवर बरेच महिने ठेवली होती म्हणाला. ती त्याने मुठीत दाबली आणि मूठ उघडली तर पापडासारखा चुरा.

"मातीत विरघळते," तो म्हणाला. "रोप पन्नीसकट लावा. फाडायची झंझटच नाही."

मावशी बाजूला उभी होती. तिने विचारलं, "म्हणजे मीठ पाण्यात जाते तसं?"

"तसंच समजा, बाई."

त्याने खोटं काही दाखवलं नव्हतं. चुरा खरोखर झाला होता. मावशीलाही ते पटलं, विठ्ठलरावांनाही पटलं. पुढच्या हिवाळ्यात नर्सरीतली सगळी भरती त्या हिरव्या पन्न्यांमध्ये झाली. गिऱ्हाइकाला रोप देताना मावशी स्वतः सांगायची, "फाडू नका बरं. अशीच लावा. पन्नी आपोआप जाते."

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचं आवार तेव्हा उघडंबोडकं होतं. उन्हाळ्यात वंदनेला बसलं की फरशी चटके द्यायची. मावशीने विहाराच्या समितीला विचारलं आणि विठ्ठलरावांकडून रोपं मागून आणली. निंब, करंज, आणि मधोमध लावायला एक पिंपळ. आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, सुरू झाला त्या दिवशी सगळ्या वस्तीने मिळून खड्डे केले. मीही सुट्टी काढून गेले होते. एकेकाने पन्नीसकट रोप खड्ड्यात ठेवलं, वरून माती ओढली. समितीचा अध्यक्ष राजदीप मावशीला म्हणाला, "सत्यशीलाबाई, तुमच्यामुळं काम सोपं झालं." मावशी लाजली. तिला कौतुकाची सवय नव्हती.

पहिलं वर्ष झाडांनी जोर धरला. नवी पालवी, तांबूस कोवळी पानं. मावसाजींना काम नव्हतं, ते सकाळपासून आवारात बसून बकऱ्या हाकलायचे. बकरी दिसली नाही तरी तिच्या पावलांचा आवाज त्यांना कळायचा. पुढचा उन्हाळा लॉकडाऊनचा होता. सगळे घरी होते, पण झाडांना पाणी टाकायला मावशीच जायची. हापशीवरून गुंड भरायचा, डोक्यावर घ्यायचा आणि एकेका झाडाच्या बुडाशी हळूहळू ओतायचा.

त्यानंतर झाडं थांबली. मेली नाहीत, वाढलीही नाहीत. निंबाची पानं पिवळी पडली. करंजाचा शेंडा वाळला. मावशीने शेणखत टाकलं, राख टाकली, आळं मोठं केलं. त्याने काही झालं नाही. लोकांनी आपापली कारणं काढली. कोणी म्हणालं जमीन मुरमाड आहे, कोणी म्हणालं हापशीचं पाणी खारं. वस्तीच्या बैठकीत राजदीप म्हणाला, "झाडांची देखभाल झाली नाई नीट. असे खुरटे ठेवण्यापरीस आवारात सिमेंटचे गट्टू बसवून टाकू. निदान चिखल तं नाई होणार."

मावशी बैठकीतून उठली. घरी येऊन तिने मला फोन केला. फोनवर ती नेहमी ओरडून बोलते, त्या दिवशी आवाज बारीक होता.

"मोने, मी काय कमी केलं वं त्याईले? पाणी देल्लं, खत देल्लं. लेकरासारखं पाह्यलं."

"मावशी, झाडाचं सांगता येत नाही."

"लोकाईचं सांगता येते ना. थे म्हणतेत मीच नाई पाह्यलं."

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात जोराचं वावधान आलं. टिनाचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. विहाराच्या आवारातला कोपऱ्यातला करंज मुळासकट आडवा झाला. सकाळी मावसाजी नेहमीच्या वाटेने गेले आणि त्याला अडखळले. वाकून त्यांनी हाताने चाचपलं. आधी फांद्या लागल्या, मग खोड, मग बुडखा. तिथे त्यांचा हात थांबला. मावशी मागून गुंड घेऊन येत होती.

"सत्या, इकडे ये. याले तं पन्नी हाये अजून."

"कायची पन्नी? जुनी कोणाची उडून आली असन."

"उडून नाई आली. नेसली हाये यानं."

मावशीने गुंड खाली ठेवला. माती झटकली. फिकट हिरवी पन्नी होती, पानाचं चित्रसुद्धा स्पष्ट. वरचा काठ मातीबाहेर राहिला होता तेवढा झिजून गेला होता, पण मातीखालचा सगळा भाग जसाच्या तसा. तिने नखाने ओढून पाहिली तर ताणली गेली, फाटली नाही. घरून ब्लेड आणून तिने ती चिरली. आत मुळांचा अंबाडा झाला होता. बाहेर जायला वाट मिळाली नाही म्हणून मुळं पन्नीच्या आतल्या अंगाने गोल गोल फिरत राहिली होती, एकमेकींना आवळत. दोन-चार बारीक मुळ्या तळाच्या भोकांतून बाहेर निघाल्या होत्या. झाड एवढे दिवस तेवढ्यावर उभं होतं. ओतलेलं पाणी बाजूच्या मातीत जात होतं.

ती तिथेच बसून राहिली. मावसाजींनी विचारलं, "काय झालं?" तेव्हा तिने त्यांचा हात धरून मुळांवर ठेवला.

मग ती उठली आणि तसाच तो करंज खांद्यावर टाकून नर्सरीत गेली. विठ्ठलराव चहा घेत होते. तिने झाड त्यांच्यासमोर ठेवलं.

"पाहा, भाऊ."

विठ्ठलरावांनी पाहिलं आणि नजर वळवली. "एखादी राह्यली असन बाई. जमीन कोरडी असन तिथली."

"रोज पाणी देल्लं मी. कोरडी कुठून राहीन?"

"कंपनीनं लेखी देल्लं हाये ना."

"तुमच्या धुऱ्यावर आवळे लावले ना तुमी याच पन्नीत? चाला, पाहू."

विठ्ठलराव बराच वेळ उठले नाहीत. शेवटी पावडं घेतलं. धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, आवळे गुडघ्याएवढेच राहिले होते, ते त्यांनाही रोज दिसत होतं. पहिल्या आवळ्याचं बूड मोकळं केलं, पन्नी होती. दुसऱ्याला होती. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही. धुऱ्यावर बसले आणि विक्रेत्याला फोन लावला. नंबर बंद होता.

"मले वाटलं होतं, आपुन चांगलं काम करून राह्यलो," ते म्हणाले. "किती लोकाईले देल्ले हे झाडं."

मावशी रागावून गेली होती. त्यांचं ते बोलणं ऐकून तिचा राग ओसरला. ती त्यांच्या शेजारी थोडं अंतर सोडून बसली. "मीच सांगतलं लोकाईले, फाडू नका म्हून," ती म्हणाली. "आता मीच सांगाले जातो."

विठ्ठलराव आधी नको म्हणाले. नर्सरीचं नाव जाईल अशी त्यांना भीती होती. दोन दिवस त्यांनी काढले, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच मोटारसायकल घेऊन वस्तीत आले. "बसा मागं. तुमाले घरं माईत हायेत."

सगळ्यात कठीण घर लालीबाईचं होतं. लालीबाई जवळच्या तांड्यावरची. नवऱ्याच्या मागे तिने बरड जमिनीत सीताफळाची बाग लावली होती, सगळी रोपं विठ्ठलरावांकडची. झाडांना फळ लागण्याचं नाव नव्हतं. मावशीने कारण सांगितल्यावर लालीबाई म्हणाली,

"तूच म्हणाली होती, फाडू नको."

"हाव. म्हणाली होती."

"मग आता कायले आली?"

"खोदू लागाले."

लालीबाईने तिला पाणी विचारलं नाही. पण खोदायला टिकास आणून दिली. पहिल्या पावसाने जमीन मऊ झाल्यावर दोघींनी एकेक झाड मोकळं करायला घेतलं. पन्नी चिरायची, आवळलेली मुळं बोटांनी सोडवायची, त्यांचे वळलेले शेंडे कापायचे आणि झाड पुन्हा बसवायचं. पुष्कळ झाडं त्या धक्क्याने गेली. जी जगली त्यांच्यात वर्षभर काही फरक दिसेना, मग पालवी फुटली. लालीबाई मावशीशी गोड कधी बोलली नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून जेवायच्या वेळी तिच्यासाठीही भाकर बांधून आणू लागली.

विहारातली झाडंही त्याच पावसात काढली. या वेळी राजदीप स्वतः खड्ड्यात उतरला होता. गट्टूचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, माफीही मागितली नाही. मावशी दमली की तिच्या हातातली सब्बल, म्हणजे पहार, तो घ्यायचा. सगळ्यांना खात्री होती की पिंपळ जगणार, पिंपळ कुठेही उगवतो. पण पिंपळच गेला. त्याचं मूळ पन्नीच्या कोपऱ्यात असं दाबून वळलं होतं की सोडवताना तुटलं. मरतुकडे दिसणारे निंब मात्र तगले. पुढच्या वर्षी राजदीपने जुन्या विहिरीच्या भिंतीतून एक पिंपळाचं रोपटं उपटून आणलं आणि उघड्या मुळांनी लावलं. ते आता माझ्या खांद्याला लागतं.

मला एक गोष्ट समजत नव्हती. विक्रेत्याने दाखवलेली पन्नी तर चुरा झाली होती, मग मातीतली का झाली नाही? आमच्या कॉलेजात उर्वशी मॅडम रसायनशास्त्र शिकवतात. त्यांना मी हिरव्या पन्नीचा तुकडा दाखवला.

"विरघळणारी या एका नावाखाली बऱ्याच जातीच्या पिशव्या विकतात," त्या म्हणाल्या. "काही मक्यासारख्या पिकापासून करतात. त्यांतल्या पुष्कळांना कुजायला मोठ्या खतखड्ड्याची गरमी लागते, साध्या मातीत तशाच पडून राहतात. ही तशी वाटत नाही. हे बहुतेक साधंच प्लास्टिक आहे. त्यात असं काही मिसळतात की ऊन, उष्णता आणि हवा मिळाली की ते लवकर ठिसूळ होतं. गच्चीवर ऊन होतं, म्हणून चुरा झाला. मातीखाली ऊन नाही, हवा कमी, म्हणून तशीच राहिली."

"आणि चुरा झाला तो? तो तरी गेला ना?"

"चुरा होणं आणि नाहीसं होणं वेगळं. तुकडे लहान झाले, प्लास्टिक तेच. पुढे माती त्याचं काय करते, किती वर्षं लागतात, हे मलाही नक्की सांगता येणार नाही."

मी हे मावशीला सांगितलं तेव्हा ती नर्सरीत माती चाळत होती. तिने चाळणी माझ्यासमोर धरली. न विकलेली रोपं ज्या ओळीत उन्हात पडून होती, तिथल्या पन्न्या हात लावताच झडत होत्या. फिकट हिरवे कपटे मातीत, शेणखतात, जाळीच्या कडेला सगळीकडे पसरले होते. मोठे चाळणीवर राहत, बारीक मातीत मळून खाली पडत.

"कापसातली पत्ती मले दिसे तरी," ती म्हणाली. "हे तं मातीच्याच रंगाचं होऊन राह्यलं."

तरी ती वेचत होती. जेवढं बोटांना लागेल तेवढं.

मधे तिने पळसाच्या पानांचे द्रोण करून त्यात रोपं वाढवायचा प्रयोग केला. पानं शिवली, माती भरली, विठ्ठलरावांना दाखवली. ते खूश झाले. पण दीड महिन्यात द्रोण कुजून गेले आणि रोपं काढता काढता मातीचे ढिगारे झाले. मावशी स्वतःच हसली. "एक जातच नाई, अन् एक थांबतच नाई." वांगी, टमाटर यांसारख्या लवकर लावायच्या रोपांना ती अजून द्रोण वापरते. झाडांसाठी जाड काळी पन्नी आली; नर्सरीच्या पिशव्यांना बंदीतून सूट आहे हे विठ्ठलरावांना उशिरा कळलं होतं. ती विरघळेल असं कोणी म्हणत नाही, आणि मावशीला तेच बरं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात मी गेले होते तेव्हा एक शाळामास्तर मुलांना घेऊन गाडी भरून रोपं न्यायला आले होते. मावशीने एक रोप हातावर घेतलं, ब्लेडने पन्नी चिरून दाखवली, गड्डा कसा धरायचा ते सांगितलं. मग म्हणाली, "अन् पन्न्या परत आणून द्या, गुरुजी."

"त्यांचं काय करता तुम्ही?"

"चांगल्या असन तं पुन्हा भरतो."

"आणि फाटक्या?"

मावशीने विठ्ठलरावांकडे पाहिलं. विठ्ठलरावांनी नर्सरीमागच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. आत पोत्यांवर पोती रचलेली होती. खोदून काढलेल्या हिरव्या पन्न्या, फाटक्या काळ्या पन्न्या. जाळायच्या नाहीत असं दोघांनी ठरवलं होतं, त्या धुराने मावसाजींना खोकला लागतो. भंगारवाला माती लागलेली पन्नी घेत नाही. तालुक्याला विचारून झालं होतं, तिथे कोणीतरी 'सांगतो' म्हणालं होतं, पण अजून निरोप आला नव्हता.

"सद्या इथंच हायेत," मावशी म्हणाली. "कुठं पाठवाच्या थे समजलं का पाठवू. वावरात मात्र नाई जाऊ देत."

गुरुजींनी मान हलवली आणि मुलांना रोपं मोजायला लावलं. मावशी पुढच्या रोपाकडे वळली.